वाट्यांकडं पाठ करून उभे तात्या

कऱ्हाटीच्या आमच्या आळीत गेल्या आखाडात बातमी फुटली, की जोतीराम तात्यांनी भिगवणला जाऊन मासे खाल्ले. सकाळी बातमी आली तेव्हा एकच चिलापी होती. जेवणवेळेपर्यंत चार झाल्या. संध्याकाळी त्यात मरळीचा रस्सा येऊन मिसळला. आणि दुसऱ्या दिवशी मी डेअरीवर दूध घालायला गेलो, तर कॅन धरून उभा असलेला एक जण मला, म्हणजे तात्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाला, छातीवर हात ठेवून सांगत होता, की तात्या गेली अठ्ठावीस वर्षं दर बुधवारी भिगवणला जातात आणि तिथल्या हॉटेलात त्यांची खुर्ची ठरलेली आहे.

आता बुधवारी तात्या कुठं असतात ते मला ठाऊक आहे. ते गोठ्यात असतात. गुरुवारीही गोठ्यातच असतात. दोन जर्सी गाया, दीड एकर ऊस आणि मुक्ताकाकी, एवढ्यांनी मिळून बांधून घातलेला माणूस तो, दर बुधवारी भिगवणला कुठला जातोय! पण करता काय, बातमीला फोटो होता.

फोटो आमच्या आळीतल्या संभाजीनं काढलेला. संभाजीचा पिकअप आहे, डाळिंबं भरून इंदापूरकडं नेतो. भिगवणला चहाला थांबला आणि हॉटेलच्या काचेतून त्याला तात्या दिसले. पांढरी टोपी, समोर ताट, ताटात तळलेली चिलापी आणि चिलापीत तात्यांची पाचही बोटं. संभाजीनं तिथूनच फोटो आळीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ओळखा पाहू कोण'. मी तो फोटो पुढं कुणाला पाठवला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फक्त चौघांना दाखवला. त्यातल्या दोघांना मोठा करून.

खरं काय ते तिसऱ्या दिवशी उघड झालं. तात्यांचे व्याही आबाजी इंदापूर तालुक्यातले. त्यांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन बारामतीला झालं आणि त्यांना घरी पोचवायला तात्या गेले. भिगवण आलं तसं आबाजींनी डोळ्याला पट्टी असताना नुसत्या नाकानं गाव ओळखलं आणि मासे खाल्ल्याशिवाय पुढं यायचंच नाही म्हणून बसले. आता काळ्या चष्म्याखालून माशातले काटे दिसणार कसे? आणि लेक ज्या घरात दिली त्या घरच्या व्याह्याला नाही म्हणायचं कसं? तात्यांनी बाह्या वर सारल्या आणि काटे काढून एकेक तुकडा व्याह्याच्या ताटात सरकवत बसले. फोटोत आबाजी होते, पण मधे हॉटेलचा खांब आला. खांबाच्या पलीकडून नुसतं एक कोपर दिसत होतं. ते कोपर कुणाचं, हे आमच्या अख्ख्या आळीत एकानंही विचारलं नाही.

आबाजींनी व्हिडिओ कॉलवर साक्ष दिली. मुक्ताकाकींनी फोन दारोदार फिरवला.

"जोतीरामरावांनी मासं खाल्लं?" आबाजी फोनमधून ओरडत होते. "आवो, त्येंनी काटं काढलं म्हणून तर माझा जीव जायची येळ आली! एक काटा घशात बसला, तीन केळी गिळली तवा खाली गेला. मासं खाणारा माणूस आसता, तर काटा कुठं आसतो ते त्येला ठावं आसतं. ह्यो माणूस त्यातला साफ अडाणी हाय, अडाणी!"

याच्याहून पक्की साक्ष कोर्टातही मिळायची नाही. पण संभाजी हटला नाही.

"काटं काढलं, मान्य," तो पारावर बसून म्हणाला. "पर बोटाला मसाला लागला आसंलच की. त्ये बोट तोंडात गेलं न्हाय कशावरनं?"

झालं. मासा सुटला आणि सगळी आळी बोटावर आली.

तात्यांच्या बोटाची एवढी उठाठेव का, ते सांगतो. आमच्या आळीत बारा घरं. आखाडातल्या शेवटच्या रविवारी बारा घरांत मिळून एक बोकड घ्यायचं आणि त्याचे वाटे घालायचे, ही आमची रीत. बादशाह मुलाणी येतो, बोकड कापतो, साफ करतो आणि ताडपत्रीवर केळीच्या पानांत बारा वाटे मांडतो. मटण घरी न्यायचं, हा प्रश्न नसतो. प्रश्न असतो, कुठला वाटा कुणाचा. एका वाट्यात नळी जास्त, दुसऱ्यात चाप चांगले, तिसऱ्यात काळजाचा मोठा तुकडा. म्हणून एक माणूस वाट्यांकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. बादशाह एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. ज्याचं नाव आलं त्यानं मुकाट पान उचलायचं.

हा पाठमोरा माणूस म्हणजे जोतीराम तात्या. अठ्ठावीस वर्षं. कारण बारा घरांतल्या कर्त्या माणसांत न खाणारा तो एकटा. मुक्ताकाकींचा वाटा घरात येतो, त्या परसातल्या चुलीवर शिजवून मिटक्या मारत खातात, पण तात्या त्या दिवशी दूध-भाकरी खातात. ज्याला नळीची चव नाही, तो नळीकडं चोरून बघणार कशाला? आमचा सगळा मटणाचा कारभार एका न खाणाऱ्या माणसाच्या भरवशावर चाललेला. आणि आता संभाजीचं म्हणणं, की ज्याचं बोट बाटलं तो तिथं उभा राहू शकत नाही.

त्यात त्यानं जुनं प्रकरणही काढलं. मुक्ताकाकी मटण शिजवत असल्या की तात्या ओट्यावर बसून, पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "मीठ कमी पडलंय." आणि कमी पडलेलंच असतं.

"वासावरनं मीठ कळतंय," संभाजी म्हणाला, "आन म्हणं खात न्हाय!"

"आरं, पाऊस येणार ते बी वासावरनं कळतंय," बादशाह म्हणाला. "म्हणून काय मी ढगात ऱ्हातो व्हय?"

तात्यांनी मटण सोडलं त्याबद्दलही आळीत दोन-तीन कहाण्या आहेत. कुणी म्हणतं डॉक्टरनं सांगितलं, कुणी म्हणतं मुक्ताकाकींनी एकदा जास्त तिखट केलं. खरी गोष्ट मी तेव्हा डोळ्यानं पाहिलेली आहे. तात्यांच्या घरी नवसाचं बोकड होतं. दीड वर्ष त्यांनीच हातानं वाढवलेलं. जत्रेच्या सकाळी त्यानं दावं तोडलं आणि ते उसात शिरलं. आम्ही दहा जण काठ्या घेऊन ऊस पालथा घालत होतो, हाताला पाचट कापत होतं, बोकड काही सापडेना. तेवढ्यात तात्या बांधावर आले आणि नेहमीसारखी हाक मारली, "ये, ये." बोकड उसातून बाहेर आलं आणि तात्यांच्या गुडघ्याला डोकं घासत उभं राहिलं. पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. पण संध्याकाळी ताट समोर आलं तेव्हा तात्या एवढंच म्हणाले, "काठीला भिऊन आलं आसतं तर खाल्लं आसतं." आणि ताट सरकवलं ते सरकवलंच.

त्यांनी माळ घातली नाही, कुणाला उपदेश केला नाही, जेवणावळीतून उठून गेले नाहीत. लग्नात मटणाच्या पंगतीला बसतात आणि नुसता भात-आमटी खातात. शेजारच्याच्या पानातलं हाड उडून आपल्या पानात आलं तर बोटानं परत त्याच्या पानात ठेवतात. असा माणूस आळीला परवडतो.

माझी लेक स्वरूपा बारामतीला शेतकी कॉलेजात शिकते. तिनं मटण सोडलं, अंडं सोडलं आणि यंदा दूधही सोडलं. माझ्याशी ती या विषयावर बोलतच नाही, मला तिनं वाया गेलेल्यांत धरलंय. तात्यांवर मात्र तिचा भारी जीव. फोटोच्या भानगडीच्या आदल्याच रविवारी ती घरी आली होती, आणि तात्यांच्या ओट्यावर बसून त्यांचं कौतुक करत होती.

"तात्या, अख्ख्या आळीत तुम्हीच एक शहाणे."

तात्या खुशीत बशीत चहा ओतत होते.

"पण एक विचारू? मागच्या साली गाय व्यायली, गोऱ्हा झाला होता ना? तो कुठाय?"

तात्यांची बशी ओठापाशी थांबली. आमच्याकडं गोऱ्ह्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच विचारत नाही. दूध देत नाही, ट्रॅक्टर आल्यापासून औतालाही लागत नाही. खाणं मात्र खातो.

"दिला," तात्या म्हणाले.

"कुणाला?"

"न्यायला आला त्येला."

मीही तिथंच बसलो होतो. मला वाटलं, उठून तिला घरी न्यावं. तात्या बशीतल्या चहाकडं बघत होते. साय धरली होती त्यावर.

शेवटी मुक्ताकाकी आतून म्हणाल्या, "छकुले, मटण सुटलं तर मी काय बोलली न्हाय, मला दोन घास जास्त मिळाले. पर त्येंचा चहा सोडवू नगंस. बिनचहाचा ह्यो माणूस सकाळी गाईसारखा शिंगं रोखतोय."

सोमवारी तात्यांनी कोरा चहा घेतला. मंगळवारी घेतला. बुधवारी घेतला, आणि माझ्या म्हशीशी भांडले. गुरुवारी सकाळी मी भिंतीवरून डोकावलो तर कपात दूध होतं. मला बघून तात्या म्हणाले, "पोरीला सांगू नगंस. तिचं बरोबर हाय. माझ्यानं एवढंच होतंय." मी सांगितलं नाही. दोन दिवस नाही सांगितलं.

तर असा हा माणूस. आणि त्याला आखाडाच्या शेवटच्या रविवारी आळीनं बोलावलं नाही.

संभाजीनं डाळिंबं मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता. "आता पाठमोरं कुणी नको," तो म्हणाला. "ग्रॅमवर वाटे. सगळे सारखे. ज्यानं त्यानं जवळचा उचला." बादशाहनं कपाळाला हात लावला, पण मांडले. हाड टाक, काढ, चरबीचा तुकडा टाक, काढ. तासाभरानं बारा पानं अगदी सारख्या वजनाची झाली. संभाजीनं वर बघितलं, जणू काही त्यानं पूल बांधला.

"उचला," तो म्हणाला.

सगळी माणसं एकाच पानाकडं गेली.

कारण वजन सगळ्यांचं सारखं होतं, पण एका पानात काळीज, गुर्दा आणि मांडीचं मऊ मांस होतं, आणि एका पानात मानेची हाडं आणि बरगड्या. काट्याला काय, हाड असो वा काळीज, आकडा तोच. तिघांनी एका पानाला हात घातला, पान फाटलं. दोघा भावांनी एकमेकांची जुनी बांधाची भांडणं काढली. दादासो नावाचे आमचे एक शांत गृहस्थ आहेत, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली आणि दिल्यावर स्वतःच दचकून इकडं तिकडं बघितलं. मी एका नळीवर डोळा ठेवून होतो, पण ते असो.

उरलं ते मानेच्या हाडांचं पान. ते आक्काबाईंच्या पुढ्यात सरकवलं गेलं. आक्काबाई ऐंशीच्या पुढच्या, घरात एकट्या, तोंडात एकही दात नाही.

"संभाजी," त्या पानाकडं बघत म्हणाल्या, "ह्ये कसं खाऊ? चघळू, का आदी बारामतीला जाऊन दात बसवून येऊ?"

कुणी हसलं नाही. हसायला पाहिजे होतं, पण नाही हसलं.

तेवढ्यात मुक्ताकाकी पातेलं घेऊन आल्या. "ए, तुमी माझ्या नवऱ्यावर आळ घेतला, घ्या. माझं कालवण का अडवताय? सकाळधरनं खोबरं-कांदा वाटून ठेवलाय, काळा पडाय लागला."

बादशाहनं सुरी धुतली, पुसली आणि पिशवीत घातली. "तात्याला बोलवा," तो म्हणाला. "न्हायतर मी निघालो. माझ्या बापानं हितं वाटे मांडले, मी मांडतोय, पर दगडाच्या आळीत मांडल्यासारखं आज पहिल्यांदा वाटलं."

मला पाठवलं. मला वाटलं होतं तात्या गोठ्यात असतील. तात्या ओट्यावर बसले होते. इस्त्रीचा सदरा, धुतलेली टोपी, पायात चपला. शेजारी म्हणून सांगतो, तो सदरा सात वाजल्यापासून अंगात होता. मी सकाळी दात घासताना बघितला होता, पण कशासाठी ते तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

"तात्या, चला. वाटे खोळंबलेत."

"कोण बोलवतंय?"

"आळी."

"आळीत संभाजी येतो का न्हाय?"

"येतो की."

"मंग त्येलाच हाक मार. तू आपला हितं बस, उगं हेलपाटे नगंस घालू."

संभाजी आला. दारात उभा राहिला, पायानं माती उकरत. एरवी पिकअपचा हॉर्न गावभर वाजवणारा माणूस, पण हाक ओट्यापुरतीच निघाली.

"तात्या, चला की."

"कसा येऊ? माझं बोट बाटलंय."

"तसं न्हाय म्हणालो मी."

"मंग कसं म्हणालास?"

"म्हंजी... चुकलं."

"मला काय सांगतोयस? मला ठावंच हाय. जितं फोटू टाकलास तितं सांग."

संभाजीनं फोन काढला. अंगठ्यानं टाइप करत राहिला, दोनदा खोडलं. मग तिकडं ताडपत्रीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम वाजले. माझाही वाजला. लिहिलं होतं, 'तात्यांनी मासे खाल्ले नाहीत. काटे काढले. बोट पण चाटलं नाही. माझं चुकलं.'

तात्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा लावून दोनदा वाचलं. तोंडावर काही दाखवलं नाही. पण उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला नाही, एरवी टेकतात.

ताडपत्रीपाशी आल्यावर त्यांनी वाट्यांकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ भिंतीकडं गेले आणि तोंड फिरवून उभे राहिले. बादशाहनं सगळी पानं पुन्हा मोकळी केली आणि आपल्या नजरेनं नव्यानं मांडली.

"ह्यो कुणाचा?"

"दादासोचा."

"ह्यो?"

"मुक्ताबाईचा." तात्या वाट्याच्या वेळी बायकोलाही पूर्ण नावानं बोलावतात, आळीसारखंच.

चौथ्या पानावर काळीज होतं, आणि मऊ मांस. बादशाहनं हात ठेवला आणि खोकला. "ह्यो कुणाचा?"

"आक्काबाईचा," भिंतीकडून आवाज आला.

आता बादशाहला बारा महिन्यांत कधी खोकला नसतो. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. गेल्या वर्षी आक्काबाईंच्या पानावरही तो असाच खोकला होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी दादासोंची सून बाळंतीण होती तेव्हा नळीच्या पानावर. मी ही गोष्ट आजवर कुणाला बोललो नाही. आज पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा वाचून झाल्यावर तुम्हीही गप्प बसा.

शेवटचं पान मानेच्या हाडांचं. बादशाह खोकला नाही. तात्यांनी संभाजीचं नाव घेतलं. संभाजीनं पान उचललं.

पांगापांग झाली. चुली पेटल्या, आळीभर मसाल्याचा वास सुटला. तात्या भिंतीपासून फिरले आणि घराकडं निघाले. संभाजी पान हातात घेऊन मागनं आला. त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं.

"तात्या, एक विचारू? रागावू नगा."

"इचार."

"तुमाला त्या बोकडाचं एवढं वाईट वाटतंय, अठ्ठावीस वर्षं झाली. तुमचा शब्द आळीत कुणी मोडत न्हाय, आज तर मीच बघितलं. मंग तुमी आमाला एकदा तरी म्हणायचं, खाऊ नगा. का म्हणत न्हाय?"

तात्या थांबले. संभाजीच्या हातातल्या पानाकडं त्या दिवसात पहिल्यांदा त्यांनी बघितलं, आणि म्हणाले, "सकाळी बोकड एवढं बोंबलून सांगत व्हतं, त्याचं ऐकलंस का? मंग माझं काय ऐकणार हायेस?"